कोलोनोस्कोपीच्या आधी ‘पोट साफ’ म्हणजे नेमके किती साफ?

मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, म्हणजेच कोलोनोस्कोपी, साधारण अर्ध्या तासात उरकते. तिची तयारी मात्र दोन-तीन दिवस आधी सुरू होते आणि ती रुग्णाला घरीच, स्वतःच्या स्वयंपाकघरात आणि स्वतःच्या संडासात करावी लागते. ही तयारी अर्धवट राहिली, तर डॉक्टरांना आतडे नीट दिसत नाही. तपासणी पुन्हा करावी लागते, नाहीतर जे दिसायला हवे होते ते नजरेतून सुटते. कोल्हापूरच्या रुग्णालयांत शहरातल्या रुग्णांबरोबर चंदगड, आजरा, गगनबावड्यापासून निपाणी आणि तळकोकणापर्यंतचे रुग्ण येतात. त्यांच्या बाबतीत पुन्हा तपासणी म्हणजे पुन्हा प्रवास, पुन्हा सोबतीला माणूस, पुन्हा बुडालेला रोजगार आणि पुन्हा तोच खर्च.

तयारी चुकते ती दर वेळी रुग्णाच्या हलगर्जीपणामुळे चुकत नाही. चिठ्ठीवर लिहिलेल्या शब्दांचा घरात वेगळाच अर्थ लावला जातो, हेही एक मोठे कारण आहे. ‘पातळ खा’, ‘उपाशी राहा’, ‘पोट साफ करा’ या तीनही सूचना मराठी घरात फसव्या ठरतात. त्या नेमक्या कशा समजून घ्यायच्या, हे पाहू.

कोलोनोस्कोपी कशासाठी करतात?

मोठे आतडे साधारण दीड मीटर लांब असते. गुदद्वारातून कॅमेरा लावलेली लवचिक नळी आत सरकवून डॉक्टर हे आतडे शेवटपर्यंत, म्हणजे ते लहान आतड्याला जिथे मिळते तिथपर्यंत पाहतात. त्यासाठी बहुतेक ठिकाणी गुंगीचे इंजेक्शन देतात. शौचातून रक्त पडणे, शौचाच्या सवयीत अचानक झालेला आणि टिकून राहिलेला बदल, कारण न समजता वजन घटणे, पुरुषांमध्ये किंवा पाळी बंद झालेल्या स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिन कमी होणे, जुनाट जुलाब, आतड्याच्या क्षयाचा किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिससारख्या आजाराचा संशय, ही या तपासणीची नेहमीची कारणे.

रक्त पडले की ‘मूळव्याधच असणार’ असे समजून अनेक जण महिनोन्‌महिने घरगुती उपाय करत राहतात. बहुतेकांच्या बाबतीत ती मूळव्याधच निघते. पण मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचेही पहिले लक्षण अनेकदा रक्त पडणे हेच असते आणि बाहेरून पाहून फरक कळत नाही.

या तपासणीत रोगनिदानाबरोबर उपचारही होऊ शकतो. मोठ्या आतड्याचे बहुतेक कर्करोग ‘पॉलिप’ नावाच्या छोट्या गाठीपासून सुरू होतात. गाठीचा कर्करोग व्हायला सहसा काही वर्षे, बऱ्याचदा दहा वर्षांच्या आसपास काळ जातो. त्या काळात गाठ सापडली, तर ती त्याच नळीतून तारेच्या फासाने कापून काढता येते आणि पुढचा कर्करोग टळतो. १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ या डॉक्टरांनी पोट न उघडता अशी गाठ काढण्याची पद्धत सुरू केली. अमेरिकेत २०२१ पासून कोणतीही तक्रार नसलेल्यांनाही वयाच्या ४५ व्या वर्षापासून मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची चाचणी करून घेण्याची शिफारस आहे. भारतात सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांवर भर आहे. त्यामुळे आपल्याकडे कोलोनोस्कोपीच्या टेबलावर येणारा माणूस बहुधा काहीतरी त्रास होऊ लागल्यावरच आलेला असतो. म्हणूनच त्याची तपासणी वाया जाणे परवडणारे नसते.

आतडे इतके स्वच्छ कशाला लागते?

पॉलिप अनेकदा काही मिलिमीटरचा असतो. काही पॉलिप देठावरच्या अळंबीसारखे उठून दिसतात, तर काही आतड्याच्या भिंतीला सपाट चिकटलेले असतात. भिंतीवर मळाचा पातळ थर जरी राहिला, तरी असा सपाट पॉलिप त्याखाली झाकला जातो. पाण्याचा फवारा मारून आणि शोषून थोडी घाण काढता येते, पण शेंगदाण्याचे तुकडे, बिया आणि भाज्यांच्या साली नळीच्या बारीक छिद्रात अडकतात आणि मग शोषणेच बंद पडते.

आतडे किती स्वच्छ आहे हे मोजायची पद्धत ठरलेली आहे. ‘बोस्टन मोजपट्टी’ या नावाने ती ओळखली जाते आणि २००९ पासून वापरात आहे. मोठ्या आतड्याचे उजवा, मधला आणि डावा असे तीन भाग करून प्रत्येकाला ० ते ३ गुण देतात. सगळे मिळून जास्तीत जास्त ९ गुण होतात. प्रत्येक भागाला किमान २ गुण मिळाले, तर तपासणी विश्वासार्ह मानतात. एकूण बेरीज चांगली असली, पण एका भागाला १ किंवा ० मिळाला, तर त्या भागाविषयी डॉक्टर खात्रीने काही सांगू शकत नाहीत. तपासणीच्या अहवालात हे गुण लिहिलेले असतील, तर ते रुग्णाने पाहून ठेवावेत.

सर्वाधिक अडचण उजव्या भागाची असते. लहान आतड्यातून पाचक रस रात्रभर खाली येत राहतात आणि उजव्या बाजूच्या भिंतीवर त्यांचा पिवळट, चिकट थर बसतो. सगळे औषध आदल्या संध्याकाळीच पिऊन टाकले, तर सकाळपर्यंत हा थर पुन्हा तयार होतो. म्हणून आता औषध दोन हप्त्यांत घ्यायला सांगतात. अर्धे आदल्या संध्याकाळी आणि अर्धे तपासणीच्या दिवशी, वेळेच्या साधारण चार ते सहा तास आधी. ‘पहाटे उठून परत काय प्यायचे, काल पोट साफ झाले की’ असे म्हणून दुसरा हप्ता टाळणे ही तयारीतली सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

शब्दांची गफलत कुठे होते?

‘पोट साफ होणे’ : रोजच्या बोलण्यात एकदा भरपूर शौचाला झाले की पोट साफ झाले. दोन-तीन वेळा पातळ झाले की ‘जुलाब लागले, औषध लागू पडले’ म्हणून रुग्ण उरलेले औषध ओतून देतो. डॉक्टरांचे ‘साफ’ याच्या बरेच पुढचे आहे. आधी घट्ट, मग तपकिरी पातळ, मग गढूळ पिवळे आणि शेवटी तळ दिसेल असे फिकट पिवळे, जवळजवळ लघवीसारखे पाणी. त्यात कण नकोत, गाळ नको. या शेवटच्या टप्प्याला पोहोचायला आठ-दहा वेळा जावे लागू शकते. आणि तो टप्पा आदल्या रात्रीच आला, तरी सकाळचा हप्ता घ्यायचाच असतो.

‘उपाशी राहा’ : उपाशी आणि उपवास यांत मराठी घरात मोठा फरक आहे. उपवास म्हटले की साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळे, राजगिरा आणि फळे आलीच. यातला शेंगदाणा, राजगिरा आणि फळांच्या बिया आतड्यात सर्वाधिक रेंगाळतात. एकादशीचा किंवा सोमवारचा उपवास त्या दिवशी आला, तरी फराळ चालत नाही.

‘पातळ पदार्थ घ्या’ : पातळ म्हणजे घरात आमटी, ताक, आंबील, खीर, नाचणीची पेज. कोल्हापुरात त्यात तांबडा-पांढरा रस्सा आणि मिसळीचा कटही येऊ शकतो. हे सगळे पातळ असले, तरी वैद्यकीय अर्थाने ‘स्वच्छ द्रव’ नाही. पांढऱ्या रश्शात खोबरे, खसखस, तीळ असतात, तर तांबड्यात तेलाचा तवंग आणि मिरचीच्या साली. दुधाचा चहा, कट्ट्यावरचे धारोष्ण दूध, ताक, सोलकढी, उसाचा रस, आंब्याचा रस हेही चालत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. द्रव काचेच्या ग्लासात ओतावा आणि ग्लासामागे वर्तमानपत्र धरावे. अक्षरे दिसली, तर चालेल.

‘लाल नको’ : कोकम सरबत, कलिंगडाचा रस, बीट, लाल-जांभळी सरबते ग्लासातून आरपार दिसतात, तरीही चालत नाहीत. त्यांचा रंग आतड्याच्या भिंतीवर राहिला की तो रक्तासारखा भासतो.

‘जुलाबाचे औषध’ : कोलोनोस्कोपीची पावडर हे एरंडेल, त्रिफळा किंवा बाजारात मिळणाऱ्या चूर्णाला पर्याय म्हणून दिलेले औषध नाही आणि ती त्यांच्याऐवजी वापरता येतील असेही नाही. इसबगोल तर उलटे काम करते. तो चोथाच असल्याने आतड्यात मळ वाढतो, म्हणून तो काही दिवस आधी बंद करायला सांगतात.

खाण्यापिण्याचे वेळापत्रक कसे असावे?

नेमके किती दिवस पथ्य करायचे, हे रुग्णालयाच्या चिठ्ठीप्रमाणे ठरते. ज्यांना बद्धकोष्ठाचा त्रास नाही, त्यांना आदल्या दिवसाचे काटेकोर पथ्य पुरते, असे अलीकडच्या वैद्यकीय मार्गदर्शनात म्हटले आहे. आपला आहार चोथ्याचा आणि बियांचा असल्याने अनेक डॉक्टर दोन-तीन दिवस आधीपासून सुरुवात करायला सांगतात. जुनाट बद्धकोष्ठ, मधुमेह, पक्षाघात, पार्किन्सन, पोटाची पूर्वीची शस्त्रक्रिया किंवा आधी एकदा फसलेली तयारी असेल, तर ते नोंदणीच्या वेळीच सांगावे. अशा रुग्णांना जास्त दिवस पथ्य आणि जास्त औषध लागू शकते.

दोन-तीन दिवस आधी थांबवायचे : ज्वारी-बाजरी-नाचणीची भाकरी, पालेभाज्या, मटकी-चवळी-हरभऱ्याच्या उसळी, शेंगदाणे, तीळ, जवस आणि कारळ्याच्या चटण्या, ओले-सुके खोबरे, पेरू, डाळिंब, अंजीर, सीताफळ, टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी. ठेचा आणि कांदा-लसूण चटणीही बाजूला ठेवावी. त्यातल्या बिया आणि साली आतड्यात राहतातच, शिवाय दहा वेळा शौचाला जायचे असताना तिखटाची आग वेगळा त्रास देते.

या दिवसांत चालणारे : मऊ पांढरा भात, मुगाच्या डाळीचे साधे वरण, इडली, भाज्या न घातलेला रव्याचा उपमा, साल काढून उकडलेला बटाटा, पांढरा पाव, थोडे दही, उकडलेले अंडे, बिनतिखटाचे मासे किंवा कोंबडीचे मऊ मांस.

आदला दिवस : बहुतेक ठिकाणी सकाळी किंवा दुपारपर्यंत असे हलके जेवण आणि त्यानंतर फक्त स्वच्छ द्रव असा क्रम असतो. पाणी, गाळलेले लिंबू सरबत, शहाळ्याचे पाणी, बिनदुधाचा चहा, गाळलेले सफरचंदाचे रस, मुगाच्या डाळीचे निवळ गाळलेले पाणी, लिंबाच्या स्वादाचे ओआरएस. दिवसभर हे पीत राहावे. केवळ औषधाचे पाणी पिऊन भागत नाही. भूक लागल्यावर ‘एकच बिस्कीट’ खाणे टाळावे. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी शहाळ्याचे पाणी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असते.

तपासणीचा दिवस : पहाटेचा दुसरा हप्ता, त्यासोबत स्वच्छ द्रव आणि तपासणीच्या किमान दोन तास आधीपासून काहीच नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी यापेक्षा जास्त वेळ सांगितला असेल, तर तो पाळावा. गुंगीत असताना पोटातले पाणी उलटून फुप्फुसात जाऊ नये म्हणून हा नियम असतो. पान, तंबाखू, गुटखा आणि मिश्रीही त्या सकाळी नको.

औषधाचे दोन लिटर पाणी कसे प्यायचे?

नेहमी दिल्या जाणाऱ्या पावडरीत पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि क्षार असतात. ती बहुधा दोन लिटर पाण्यात मिसळायची असते. हे औषध रक्तात शोषले जात नाही. ते पाणी धरून ठेवते आणि सगळे आतडे धुऊन बाहेर पडते. त्यात क्षारांचे प्रमाण असे जुळवलेले असते की शरीरातले पाणी आणि मीठ फारसे कमी होत नाही. १९८० मध्ये अमेरिकेतील जॉन फोर्डट्रान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या द्रावणाचे सूत्र प्रसिद्ध केले. त्याआधी कित्येक दिवसांचे द्रवाहाराचे लंघन, जुलाब आणि वारंवार एनिमा अशी तयारी असे. ‘एवढे जुलाब झाले तर अशक्तपणाने पडेन’ ही भीती म्हणूनच बऱ्याच अंशी अनाठायी आहे. मात्र पावडर सांगितल्यापेक्षा कमी पाण्यात कालवली, तर हे गणित बिघडते.

चवीला हे पाणी खारट, थोडे बुळबुळीत लागते. ते फ्रिजमध्ये किंवा माठाजवळ गार करून घ्यावे. पाहिजे तर लिंबाचे चार थेंब टाकावेत, पण साखर, दूध किंवा रंगीत सरबत मिसळू नये. एक ग्लास, म्हणजे सुमारे पाव लिटर, दर १०-१५ मिनिटांनी प्यावा. मध्ये घरातल्या घरात फिरावे. पहिली शौच साधारण तासाभरात होते, काहींना जास्त वेळ लागतो. मळमळ झाली किंवा उलटी झाली, तर अर्धा तास थांबून सावकाश पुन्हा सुरू करावे.

पोटात तीव्र कळा, पोट फुगून एकदाही शौच न होणे, थांबत नसलेल्या उलट्या, चक्कर येऊन पडणे यांपैकी काही झाले, तर औषध थांबवून लगेच रुग्णालयाला फोन करावा. आतड्यात अडथळा असल्याची ती खूण असू शकते.

काही जुन्या पद्धतीत सोडियम फॉस्फेटचे थोडेच, पण तीव्र द्रावण प्यायला देत. त्याने काही रुग्णांच्या मूत्रपिंडाला इजा झाल्याचे आढळल्यावर २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी गंभीर इशारा दिला. घरात पूर्वीची बाटली शिल्लक आहे किंवा शेजाऱ्यांना तेच दिले होते म्हणून स्वतःहून ते घेऊ नये. वयस्कर, मूत्रपिंडाचे आणि हृदयाचे रुग्ण यांच्यासाठी औषधाची निवड डॉक्टरांनीच करायची असते.

संडासाची सोय हाही तयारीचाच भाग आहे. एकत्र कुटुंबात किंवा वाड्यात एकच संडास असेल, तर त्या संध्याकाळी आणि पहाटे तो मोकळा राहील असे आधी ठरवावे. गुडघे दुखणाऱ्यांसाठी कमोडची खुर्ची आणून ठेवावी. पाणी भरून ठेवावे. वयस्कर माणसाने आतून कडी लावू नये आणि रात्री घरातले कुणीतरी जागे असावे. वारंवार धुऊन त्वचा सोलवटते, म्हणून सुरुवातीपासूनच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावावे. स्त्रियांना पाळी सुरू असेल, तरी तपासणी सहसा पुढे ढकलावी लागत नाही. फक्त तेथील परिचारिकेला सांगावे.

नेहमीच्या गोळ्यांचे काय करायचे?

लोहाच्या गोळ्या : पाच ते सात दिवस आधी थांबवतात. त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो. हिमोग्लोबिन कमी म्हणूनच तपासणीला आलेल्या रुग्णाला नेमक्या याच गोळ्या चालू असतात, त्यामुळे हे विचारायला विसरू नये.

मधुमेहाची औषधे : जेवण बंद आणि गोळी चालू असे झाले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. आदल्या दिवशीचा आणि त्या सकाळचा डोस, तसेच इन्सुलिनचे प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवायला सांगतात, कारण उपाशीपोटी त्या चालू राहिल्यास रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. वजनासाठी किंवा मधुमेहासाठी सेमाग्लुटाइडसारखे इंजेक्शन चालू असेल, तर तेही सांगावे, त्याने जठर रिकामे व्हायला उशीर लागतो. साखर उतरल्यासारखी वाटली, तर साखरेचे पाणी किंवा गाळलेले गोड लिंबू सरबत लगेच घ्यावे.

रक्त पातळ करणारी औषधे : ती स्वतःहून बंद करू नयेत आणि लपवूही नयेत. हृदयात स्टेंट बसवलेल्या रुग्णाने गोळी अचानक थांबवली, तर स्टेंट बंद पडू शकतो. चालू ठेवली आणि गाठ कापावी लागली, तर रक्तस्राव होऊ शकतो. कोणती गोळी किती दिवस थांबवायची, हे हृदयरोगतज्ज्ञ आणि कोलोनोस्कोपी करणारे डॉक्टर मिळून ठरवतात.

रक्तदाब, थायरॉइड आणि फिटची औषधे : ही बहुधा त्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर चालू ठेवतात. लघवी वाढवणारी गोळी असेल, तर मात्र विचारावे. आणि जी गोळी घ्यायचीच आहे, ती आतडे धुण्याचे पाणी सुरू करण्याच्या तासाभराआधी घ्यावी. नाहीतर तीही वाहून जाते.

लांबून येणाऱ्यांनी काय करावे?

चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरहून लांब आहे. गगनबावडा किंवा राधानगरीच्या आतल्या गावांतून यायलाही घाटरस्ता आणि दोन गाड्या होतात. सकाळी नऊची वेळ मिळाली, तर दुसरा हप्ता पहाटे चार-पाचला, म्हणजे नेमका निघण्याच्या वेळी येतो. एसटीत संडास नसतो. मग रुग्ण दुसरा हप्ता सोडतो किंवा सगळे औषध आदल्या दिवशी दुपारीच पिऊन मोकळा होतो आणि आतड्याचा उजवा भाग अस्वच्छ राहतो.

यावर तीन मार्ग आहेत. पहिला, आदल्या दुपारी शहरात येऊन नातेवाइकांकडे किंवा रुग्णालयाजवळ मुक्काम करणे. दुसरा, दुपारची वेळ मागून घेणे. दोनची वेळ असेल, तर दुसरा हप्ता आठच्या सुमारास सुरू करायचा असतो. पहाटे निघालेला माणूस तोपर्यंत कोल्हापुरात पोहोचून रुग्णालयातच तो पिऊ शकतो. तिसरा, वयस्कर किंवा अशक्त रुग्णाला आदल्या दिवशी दाखल करून तयारी करून घेणे. ‘मी लांबून येतो’ हे वेळ ठरवतानाच सांगितले, तर यातले काहीतरी जमते. दारात पोहोचल्यावर सांगून उपयोग नसतो.

परतीचाही विचार हवा. गुंगी उतरल्यासारखी वाटली, तरी २४ तास दुचाकी, चारचाकी किंवा ट्रॅक्टर चालवू नये, महत्त्वाच्या कागदावर सही करू नये. घरी नेणारा माणूस सोबत असल्याशिवाय अनेक ठिकाणी तपासणी करत नाहीत.

मोबाइलचा उपयोग होतो का?

होतो आणि तो मोजला गेला आहे. चीनमधील एका अभ्यासात तपासणीच्या आदल्या दिवशी रुग्णांना फोन करून सूचना पुन्हा समजावल्या. २०१४ मध्ये ‘गट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. फोन आलेल्यांपैकी ८१.६ टक्के रुग्णांची तयारी पुरेशी होती, तर न आलेल्यांपैकी ७०.३ टक्के जणांची. पॉलिप सापडण्याचे प्रमाणही फोन आलेल्या गटात ३८ टक्के आणि दुसऱ्या गटात २४.७ टक्के होते. डॉक्टर तेच, दुर्बीण तीच, फरक फक्त एका फोनचा.

सूचनांची चिठ्ठी अनेकदा नोंदणीच्या दिवशी, घाईत आणि कधीकधी इंग्रजीत हातात पडते. तपासणीचा दिवस येईपर्यंत त्यातले निम्मे विस्मरणात जाते. म्हणून चिठ्ठीचा फोटो काढून घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीलाही पाठवावा. रुग्णाला वाचता येत नसेल, तर परिचारिकेला मराठीत सांगायला लावून आवाज मुद्रित करून घ्यावा. दोन्ही हप्त्यांचे आणि ‘पाणी बंद’चे असे तीन गजर लावावेत. शेवटच्या शौचाच्या रंगाची शंका असेल, तर रुग्णालयाने सांगितल्यास फोटो दाखवायलाही संकोच करू नये. तिथल्या कर्मचाऱ्यांना त्यात नवीन काही नसते.

तयारी नीट झालीच नाही तर?

तसे स्पष्ट सांगावे. ‘परत पाठवतील’ या भीतीने ‘सगळे प्यायलो, एकदम स्वच्छ झाले’ असे सांगणारे रुग्ण असतात. खरे कळले, तर तिथेच आणखी औषध किंवा एनिमा देऊन वेळ दुपारवर नेता येते. खोटे सांगितले, तर नळी आत गेल्यावर ते दिसतेच, फक्त तोवर भूलही दिलेली असते आणि पैसेही खर्च झालेले असतात. तयारी अपुरी राहूनही तपासणी झालीच, तर ती साधारण वर्षाच्या आत पुन्हा करण्याचा सल्ला दिला जातो. रक्त पडणे, वजन घटणे अशी लक्षणे असतील, तर त्याहून लवकर. अशा वेळी ‘काही सापडले नाही’ याचा अर्थ ‘काही नाही’ असा घेता येत नाही.

वेळ घेतानाच विचारायचे सात प्रश्न

१. पथ्य कोणत्या तारखेपासून आणि शेवटचे जेवण किती वाजता?
२. औषध किती पाण्यात, किती हप्त्यांत आणि प्रत्येक हप्ता किती वाजता सुरू करायचा?
३. पाणी पिणे नेमके किती वाजता बंद करायचे?
४. माझ्या चालू गोळ्यांपैकी कोणत्या थांबवायच्या, कोणत्या घ्यायच्या?
५. मी लांबून येतो, मला दुपारची वेळ मिळेल का?
६. रात्री त्रास झाला, तर कोणत्या क्रमांकावर फोन करायचा?
७. गाठ सापडली, तर ती त्याच वेळी काढणार का आणि त्यासाठीची संमती आणि खर्च आधी सांगाल का?

या सात प्रश्नांची उत्तरे कागदावर तारीख-वेळेसह लिहून घेऊन तो कागद स्वयंपाकघरात चिकटवावा. तपासणीनंतर थोडे पोट फुगणे आणि गॅस सुटणे स्वाभाविक असते. पण वाढत जाणारी पोटदुखी, ताप किंवा भरपूर रक्त पडणे यांपैकी काही दिसले, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे.